लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर मुलीची बाइल डक्ट (पित्ताची नळी) अरुंद झालीये म्हणतात, कुणाला अनुभव?

चिमणीची_आई: नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगी साडेतीन वर्षांची. जन्मतः बिलिअरी अट्रेसिया (पित्ताच्या नळ्या बंद), कासाई (आतडं लिव्हरला जोडायचं ऑपरेशन) केलं पण कावीळ काही उतरली नाही, मग ११ महिन्यांची असताना मुंबईत लिव्हर ट्रान्सप्लांट, तुकडा माझाच. इतके दिवस सगळं छान होतं. महिनाभर झाला रात्री पाय खाजवून खाजवून रक्त काढते, आम्ही आपलं डास समजून ओडोमॉस लावत बसलो. परवा रिपोर्टमध्ये जीजीटी (पित्त तुंबलं की रक्तात वाढतं ते) ४१२, एरवी ३०-४० असायचं. बिलिरुबिन (काविळीचं) १ च्या आतच आहे. डॉक्टर म्हणतात जोडाच्या जागी नळी आवळली असेल, एमआरसीपी (पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय) करू, मग बहुतेक बाहेरून सुई घालून फुगवावी लागेल. सासूबाई म्हणतात डोळे पिवळे नाहीत ना, मग दिवाळी होऊ दे. आणि जाऊबाईंच्या भावाचा पित्ताचा खडा तोंडातून दुर्बीण घालून एका दिवसात काढला, तसं हिचं का नाही होत?

शेपूटवाल्याचा_बाबा: ताई, दिवाळीची वाट नका बघू. आमच्या मुलाचं अगदी हेच, ट्रान्सप्लांटनंतर दीड वर्षाने. आम्ही कावीळ नाही म्हणून तीन आठवडे काढले आणि एका रात्री हुडहुडी भरून १०४ ताप, पित्तात इन्फेक्शन, सरळ आयसीयू. डोळे पिवळे व्हायला उशीर लागतो, खाज आणि जीजीटी आधी बोंबलतात.

मनोज_वैद्य_नव्हे: काविळीवर आमच्या गावात झाडपाला देतात, पैसे घेत नाहीत. निदान गुळवेलीचा काढा तरी सुरू करा, प्रतिकारशक्ती वाढते.

रात्रपाळी_डॉक्टर: @मनोज, कृपा करून नको. तिची प्रतिकारशक्ती टॅक्रोलिमस देऊन मुद्दाम दाबून ठेवलीये, नाहीतर शरीर ते लिव्हर नाकारेल. आणि गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये रिपोर्ट केलेत.

ताई, दुर्बिणीचं सांगतो. मोठ्या माणसात पित्ताची नळी जठराच्या जरा पुढे आतड्यात उघडते, तिथे दुर्बीण जाते. तुमच्या मुलीची मूळ नळीच खराब होती, त्यामुळे नव्या लिव्हरची नळी थेट लहान आतड्याच्या एका वळवलेल्या तुकड्याला शिवलेली असते. तिथपर्यंत नेहमीची दुर्बीण पोचत नाही, म्हणून बाहेरून कातडीतून लिव्हरमध्ये सुई, तिच्यातून तार, तारेवरून बलून. इतक्या लहान मुलांत हे सगळं भूल देऊनच. लहान मुलांच्या ट्रान्सप्लांटमध्ये नळीचे प्रॉब्लेम साधारण १० ते ३० टक्क्यांत येतात, म्हणजे कुणाची चूकच झाली असं नाही, तुमची तर नाहीच. हेपॅटिक आर्टरीचा (लिव्हरच्या धमनीचा) डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, झालाय का विचारा, नव्या लिव्हरच्या नळ्यांना रक्त त्या एकाच धमनीतून मिळतं, ती बंद असेल तर मग गोष्ट वेगळी. रिजेक्शनमध्येही (शरीर लिव्हर नाकारू लागलं तरी) जीजीटी वाढतं, तेव्हा बायोप्सी (लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासणी) म्हणाले तर घाबरू नका. आणि मध्येच ताप आला तर गल्लीतल्या डॉक्टरांकडून क्लॅरिथ्रोमायसिन (एक अँटिबायोटिक) घेऊ नका, टॅक्रोची लेव्हल भसकन वर जाते, सरळ ट्रान्सप्लांट टीमला फोन.

चिमणीची_आई: डॉपलर झालाय, नॉर्मल आहे. हे कुणी असं समजावूनच सांगितलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, गप्प बसल्या. मंगळवारी एमआरसीपी. दादा, फुगवल्यावर आत जी बाहेरून घातलेली नळी ठेवतात ती किती दिवस ठेवली तुमच्याकडे? हिला बालवाडीत पाठवता येईल का?

शेपूटवाल्याचा_बाबा: पाच महिने, मध्ये तीनदा बदलली, प्रत्येक वेळी थोडी जाड. पहिले काही दिवस पित्त गोळा करायला बाहेर पिशवी होती, नंतर नुसतं बूच लावून ड्रेसिंगखाली. त्याला ओढायची फार सवय म्हणून आईने जुन्या साडीचा पट्टा शिवला पोटाला, त्याला तो शेपूट म्हणायचा. टीमने हो म्हटल्यावर शाळेत गेला, बाईंना आधी दाखवून ठेवलं. आंघोळ मात्र ओल्या फडक्याने, पाच महिने. खाज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच थांबली, त्या रात्री आम्हीच झोपलो नाही, सारखं उठून बघत होतो खाजवतोय का.