डायमेन्सिटी ९३०० की स्नॅपड्रॅगन ८ जेन ३? छोटे कोअरच नाहीत तर बॅटरी टिकते कशी?

निवांत_नंदू

मंडळी जरा मदत करा. वापरलेला फोन घ्यायचाय, दोन समोर आहेत, बॅटरी दोन्हीला ५००० एमएएच, स्क्रीनही जवळपास तीच, फरक एवढाच की एकात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ चिप आणि दुसऱ्यात मीडियाटेकची डायमेन्सिटी ९३००. दोन्ही चिप २०२३ च्या शेवटी आलेल्या. स्पेक वाचायला बसलो आणि तिथेच गाडी अडकली. स्नॅपड्रॅगनमध्ये एक मोठा कोअर (चिपमधला काम करणारा गडी), पाच मधले, दोन छोटे असा नेहमीचा संसार आहे, पण डायमेन्सिटीत छोटे कोअर काढूनच टाकलेत, चार मोठे आणि चार मधले, बास. म्हणजे साधा मेसेज वाचायला पण पैलवानाला उठवायचं का? मला तरी वाटतंय हा फोन दुपारीच मान टाकणार. पण ज्याच्याकडे जो आहे तो त्याचंच गुणगान करतो, नक्की काय ते कळत नाही.

माझा आधीचा फोन (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडणं नकोत) बेंचमार्कचा (चिपचा वेग मोजणाऱ्या चाचणीचा) स्कोअर बघूनच घेतला होता. कागदावर वाघ. बाईकवर उन्हात नॅव्हिगेशन लावलं की पंधरा मिनिटांत स्क्रीन आपोआप मंद व्हायची, वळण मागे गेल्यावर बाई सांगणार "उजवीकडे वळा", आणि चार्जिंगला लावलेला असूनही टक्के खालीच जायचे. तेव्हा यावेळी स्कोअर नको, अनुभव सांगा. माझा वापर म्हणजे नॅव्हिगेशन भरपूर, व्हिडिओ, रात्री एखादा तास गेम.

ओहमचा_नियम

नंदू, प्रश्न चांगला विचारलायस, ही जोडी तुलनेला एकदम मस्त आहे कारण दोन्ही टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या एकाच ४ एनएम (नॅनोमीटर, आकडा लहान तेवढी बनावट बारीक) प्रोसेसवर बनल्यात आणि कोअरही आर्म कंपनीच्याच डिझाइनचे, मोठा कॉर्टेक्स एक्स४ आणि मधला ए७२०. म्हणजे कारखाना तोच, माल तोच, फक्त मांडणी वेगळी. आता नुसते कोअर मोजू नकोस, वेग बघ. ८ जेन ३ मध्ये मधले पाच कोअर ३ गिगाहर्ट्झच्या आसपास पळतात (तीन ३.१५ ला, दोन २.९६ ला). ९३०० मध्ये तेच ए७२० फक्त २ गिगाहर्ट्झला बांधून ठेवलेत. खरी गंमत इथे आहे.

चिपची पॉवर ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग. वेग वाढवायचा तर व्होल्टेज पण वाढवावं लागतं. समज वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज ५ टक्के चढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.०५ गुणिले १.०५, म्हणजे पॉवर २१ टक्के जास्त. वेग १० टक्के जास्त, पॉवर २१ टक्के वाढीव. आणि वेगाच्या वरच्या टोकाला तर व्होल्टेज याहून जोरात चढतं. उलट २ गिगाहर्ट्झवर निवांत चालणारा मधला कोअर एकदम काटकसरी असतो.

आता छोटे कोअर. ८ जेन ३ मधला छोटा ए५२० हा रांगेत उभा राहणारा गडी आहे, सूचना ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने करणार, पुढची मेमरीतून यायला वेळ लागला की हा हात बांधून उभा. ए७२० जे तयार आहे ते आधी उरकून घेतो. त्यामुळे बारीकसं काम आलं, मधल्या कोअरने पटकन संपवलं आणि झोपला, तर एकूण ऊर्जा छोट्या कोअरने रेंगाळत केलेल्या कामाएवढी किंवा कमी पण लागू शकते. बॅटरीतून जातात ते वॅट गुणिले वेळ, नुसते वॅट नाही. आणि पैलवान उठवण्याची भीती काढून टाक, ज्या कोअरला काम नाही त्याची वीजच तोडलेली असते.

छोटे कोअर नसणं हा वेडेपणा नव्हता हे एका वर्षात दिसलं. ऑक्टोबर २०२४ ला स्नॅपड्रॅगन ८ एलिट आली त्यात क्वालकॉमनेही आर्मचे छोटे कोअर सोडून दिले, स्वतःचे ओरायन कोअर, दोन ४.३२ चे आणि सहा ३.५३ चे.

पण ९३०० ची दुसरी बाजू पण ऐक. चारही एक्स४ एकदम पळवले तर एवढी पॉवर ओढते की फोनचं अंग ती उष्णता बाहेर टाकूच शकत नाही. त्यामुळे मल्टीकोअर स्कोअर दिसायला झकास, पण तो काही सेकंदांचा खेळ.

रात्रपाळी

ओहम्या तू नेहमीप्रमाणे लेक्चर झोडलंस 😄 पण नंदूच्या वापरात याचा काय संबंध ते सांग ना. व्हिडिओ बघताना सीपीयू (म्हणजे हेच सगळे कोअर) जवळपास झोपलेलाच असतो, काम करतो तो चिपमधला वेगळा व्हिडिओ डिकोडर. दोन्ही चिपमध्ये एव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटचा हार्डवेअर डिकोडर आहे, विषय संपला. नॅव्हिगेशनला बॅटरी खातात स्क्रीन, जीपीएस आणि नेटवर्क. उन्हात ब्राइटनेस फुल, रेंज कमी असली की फोन टॉवरला ओरडून ओरडून बोलतो, वरून सूर्य पाठ भाजतोय. यात कोअर छोटे का मोठे याने काय फरक पडतो.

हिशोबच करू. ५००० एमएएच म्हणजे ३.८७ व्होल्ट धरले तर १९ वॅट-तास आणि थोडं वर. फोन एकूण १ वॅट खात असेल तर १९ तास, ५ वॅट खायला लागला तर चार तासही नाहीत. त्या ५ वॅटमध्ये फुल ब्राइटनेसची स्क्रीन केवढा मोठा घास घेते ते बघा आधी. मी तर म्हणतो नंदू, फोन कुठलाही घे, बाइकवर सावली कर त्याला.

आणि हो, दोन्ही फोन एकाच कंपनीचे आहेत का? नसतील तर चिपची तुलना तिथेच बाद. तीच चिप एका फोनमध्ये कंपनीने सैल सोडलेली असते आणि दुसऱ्यात आवळलेली असते.

जुनं_खोड

पोरांनो, हे भांडण जुनं आहे. २०१५ ला आयफोन ६एस आला तेव्हा त्यातली ए९ चिप दोन ठिकाणी बनत होती, काही सॅमसंगच्या १४ एनएम वर, काही टीएसएमसीच्या १६ एनएम वर. डिझाइन तेच, फोन तोच, बाहेरून ओळखू येणार नाही. आणि लोकांनी बेंचमार्क लावून बॅटरी मोजली तर १६ वालीच जास्त टिकताना दिसली! आकडा लहान तो चांगला असं मानणाऱ्यांची पंचाईत. लोक फोन उघडून माझ्यात कुठली निघाली ते शोधत बसले होते. शेवटी ॲपलने सांगितलं की रोजच्या वापरात फरक २ ते ३ टक्क्यांचाच आहे.

मला यात दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. चिप सतत पिळली तर फरक उघडा पडतो, रोजच्या वापरात तो स्क्रीन आणि नेटवर्कच्या खाली दबून जातो. म्हणून "टेस्टमध्ये दोन तास जास्त टिकला" असं वाचलं की आधी बघावं टेस्टमध्ये फोन करत काय होता.

पण रात्रपाळी, कारखान्याने फरकच पडत नाही असंही नाही हां. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगकडे बनायची, सहा महिन्यांत ८+ जेन १ टीएसएमसीकडून बनवून घेतली, कोअर तेच, वेग उलट वाढवला, आणि तरी क्वालकॉमने ३० टक्क्यांपर्यंत पॉवर वाचते असं सांगितलं. गेम खेळणाऱ्याला हे हाताला जाणवतं.

निवांत_नंदू

बापरे, एवढं सगळं. म्हणजे माझी छोट्या कोअरची भीती फुकट होती तर. रात्रपाळी, फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. मग आता मी तपासू कसं? दोन्ही विकणारे तासभर फोन हातात द्यायला तयार आहेत. एकाने मला स्ट्रेस टेस्टचा (फोन सतत पिळून बघायची चाचणी) फोटो पाठवलाय, स्टॅबिलिटी ९० टक्क्यांच्या वर, म्हणतो बघा किती थंड फोन. दुसऱ्याचा ६० च्या आसपास येतो. हा थंडवालाच घेऊ ना?

ओहमचा_नियम

थांब थांब, टक्क्यांवर जाऊ नकोस. थ्रीडीमार्क ॲपमधली वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट म्हणजे साधारण एकेक मिनिटाच्या वीस फेऱ्या. सगळ्यात वाईट फेरी भागिले सगळ्यात चांगली फेरी, एवढाच तो टक्का. ज्या कंपनीने पहिल्या फेरीपासूनच लगाम खेचलाय तिचे टक्के छान येणारच, न पळणारा दमत नाही. समज एक फोन ५००० ने सुरू झाला आणि ३००० वर आला, ६० टक्के. दुसरा २८०० ने सुरू होऊन २६०० वर राहिला, ९३ टक्के. विसाव्या फेरीत पुढे कोण? पहिलाच. म्हणून शेवटच्या पाच फेऱ्यांचा आकडा बघ, आणि त्यासोबत तापमान आणि बॅटरी किती टक्के उतरली ते पण बघ, ते त्याच रिपोर्टमध्ये असतं. एकाने ३००० देताना जास्त बॅटरी खाल्ली असेल तर तुला एक तास गेमसाठी २६०० वाला परवडेल.

आणि तुलना करताना दोन्हीकडे ब्राइटनेस सारखा, विमान मोड, बॅटरी साधारण सारख्याच टक्क्यांवर. वापरलेला फोन आहे, एकाची बॅटरी झिजलेली असली तर ते खापर चिपवर फुटेल, म्हणून बॅटरी हेल्थ आधी.

रात्रपाळी

यावेळी ओहम्याशी सहमत, दुर्मिळ प्रसंग. एकच भर घालतो, इम्युलेटरवर (जुन्या गेमिंग मशीनची नक्कल करणारं ॲप) जुने गेम खेळायचे असतील तर डोळे मिटून स्नॅपड्रॅगन. त्यातल्या ॲड्रिनो जीपीयूसाठी (गेमचं चित्र काढणारा भाग) टर्निप नावाचे ओपन सोर्स ड्रायव्हर आहेत, डायमेन्सिटीच्या माली जीपीयूवाल्यांना तेवढी सोय नाही. साधे गेम असतील तर सोडून दे.

निवांत_नंदू

इम्युलेटर नाही रे, साधेच गेम. ठरलं, रविवारी दोन्ही फोन एकाच टेबलावर ठेवून वीस वीस फेऱ्या मारतो आणि शेवटच्या पाचांचे आकडे इथे टाकतो. मग अर्धा तास नॅव्हिगेशन, ब्राइटनेस फुल.

जुनं_खोड

कव्हर काढून कर रे दोन्हीची. मागच्या वेळी एकाने इथे पानभर तक्रार लिहिली होती आणि फोन चामड्याच्या पाकिटात ठेवून टेस्ट केली होती.