मदत हवी आहे: १३२ केव्ही लाइनची ड्रोनने थर्मल तपासणी

नमस्कार मंडळी. घाटातल्या १३२ केव्ही (उच्चदाबाच्या) वीजलाइनचं ड्रोन तपासणीचं काम घेतलंय. रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे, पट्टा ग्रीन झोनमध्ये (ड्रोनला मोकळीक असलेल्या हवाई हद्दीत), लाइनवाल्यांची लेखी परवानगीही हातात. तेव्हा नियमांवरून ओरडू नका!

अडचण तापमानाची. साध्या कॅमेऱ्यात इन्सुलेटरची तडकलेली डिस्क, तुटलेली तार छान दिसते. पण जंपरचे (टॉवरवर दोन्हीकडच्या तारा जोडणाऱ्या तुकड्याचे) जोड उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यात चक्क आभाळाइतके थंड दिसतात. चकचकीत अॅल्युमिनियमची एमिसिव्हिटी (स्वतःची उष्णता किरणांनी बाहेर टाकण्याची क्षमता) फारच कमी, त्यामुळे कॅमेरा आभाळाचंच प्रतिबिंब मोजतो, हे कळतंय. म्हणून आकड्यावर न जाता तिन्ही फेजचे (लाइनच्या तीन वीजवाहक तारांचे) तेच जोड शेजारी ठेवून फरक बघतो. तरी सकाळी भार कमी असतो, सैल जोड तापतच नाही. दुपारी ऊन घोळ घालतं. सूर्यास्तानंतर संध्याकाळच्या भारावर उडवणं बरं, पण दरीत अंधारात ड्रोन सांभाळायचा कसा? तुम्ही कोणती वेळ धरता? अहवालात फेजमधला किती अंशांचा फरक ‘तातडीचा’ लिहिता?

आणखी एक. टॉवरजवळ गेलं की ड्रोनच्या दिशादर्शकाची ‘कंपास एरर’ येते. तुम्ही किती अंतर ठेवता? जीव टांगणीला लागतो हो, ड्रोन कर्जावर घेतलाय.