सूतगिरणीचा स्टॉक पावसाळ्यात जुळतच नाही, सॉफ्टवेअर चुकतंय की आम्ही?

वाशिष्ठीकाठचा

नमस्कार मंडळी. चिपळूणच्या अलीकडे आमची छोटी सूतगिरणी आहे, ओपन एंडची (रोटरवर सूत कातायची पद्धत), जाडं सूत काढतो, १० आणि २० काउंटचं (काउंट जितका कमी तितकं सूत जाड), माल बराचसा कुंभार्ली घाटातून इचलकरंजीला जातो. मी स्टोअर बघतो, म्हणजे रुईच्या गाठी आत आल्यापासून सुताची गोणी गेटबाहेर जाईपर्यंत जेवढं काही मोजायचं ते माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी मालकांनी खास स्पिनिंगचं म्हणून सॉफ्टवेअर घेतलं, त्याआधी सगळं वहीत आणि एक्सेलमध्ये होतं.

आता अडचण सांगतो. एप्रिलमध्ये विदर्भातून २४० गाठींचा एक लॉट आला, भुईकाट्यावर आणि आमच्या काट्यावर दोन्हीकडे वजन केलं, सरासरी १६५ किलो गाठ, एकूण ३९,६०० किलो आवक टाकली. त्यातला बराच माल जुलै-ऑगस्टमध्ये मिक्सिंगला (वेगवेगळ्या गाठींचा कापूस मिसळायला) गेला. ब्लोरूमला, म्हणजे कापूस सोडवून साफ करतात त्या खात्याला, गाठ देताना पुन्हा वजन होतं आणि तेच सॉफ्टवेअरला जातं. तर २३४ गाठी देऊन झाल्या तेव्हा स्क्रीनवर त्या लॉटचा स्टॉक उणे ६३ किलो, आणि माझ्या डोळ्यासमोर गोडाऊनमध्ये ६ गाठी उभ्या! रात्रपाळीत तर सॉफ्टवेअरने इश्यूच (गाठ खात्याला देण्याची नोंद) अडवला, शिल्लक नाही म्हणून, मशीन उभं राहायची वेळ आली. शेवटी उणे स्टॉक चालू करून घेतला सॉफ्टवेअरवाल्याकडून.

आणि उन्हाळ्यात नेमकं उलटं होतं, माल कमी भरतो. गेल्या मार्चमध्ये असाच माल कमी भरला आणि संशय गेला गोडाऊनच्या दोन हमालांवर. वीस वर्षं काम करणारी माणसं, त्यांचे डबे तपासले गेटवर. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. दर महिनाअखेरीला अकाउंटवाले 'स्टॉक ॲडजस्टमेंट' म्हणून एक एंट्री मारतात आणि सगळं जुळलं असं म्हणतात, पण मला ते पटत नाही. काटा तपासून घेतला, वैधमापनचा शिक्का यंदाचाच आहे. कोणाला हा अनुभव आहे का? दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का?

इचलकरंजीचा_धागा

सॉफ्टवेअर बदलू नका भाऊ, तुमची चूक पण नाही आणि सॉफ्टवेअरची पण नाही. तुम्ही एप्रिलमध्ये कापूस घेतला आणि ऑगस्टमध्ये कापूस अधिक पाणी दिलं, एवढंच झालंय.

कापूस हवेतला ओलावा पितो. पूर्ण वाळवलेल्या कापसाच्या वजनावर किती टक्के पाणी आहे त्याला आमच्याकडे रिगेन म्हणतात, आणि व्यवहारात कापसाचं प्रमाण रिगेन ८.५ टक्के धरतात. विदर्भातून एप्रिलमध्ये निघालेली गाठ ६ टक्क्यांच्या आसपास असणार, तिकडचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. तीच गाठ तुमच्या चिपळूणच्या हवेत तीन-चार महिने राहिली की वर चढते.

तुमच्याच आकड्यांनी दाखवतो. १६५ किलोची गाठ ६ टक्के रिगेनची धरली तर आतला कोरडा कापूस १६५ भागिले १.०६, म्हणजे १५५.६६ किलो. तुमच्या ३९,६०० किलोत जर २३४ गाठी देऊन ६३ किलो जास्त गेले तर इश्यूची सरासरी पडते १६९.५ च्या आसपास. हे वजन त्याच १५५.६६ कोरड्या कापसावर बसवलं की रिगेन येतं ८.९. म्हणजे पावसाळ्यात रिगेन तीनेक टक्क्यांनी वाढलं, त्यात अशक्य असं काहीच नाही. कापूस तेवढाच आहे. आता दोन्ही वजनं ८.५ वर आणून बघा, आवक गाठ १६८.९ आणि इश्यू गाठ पण १६८.९. फरक गेला!

म्हणून गिरणीने स्टॉक कच्च्या किलोत ठेवायचाच नाही. प्रत्येक आवकेला आणि प्रत्येक इश्यूला ओलावा मोजा, कोरडं वजन काढा, त्याला १.०८५ ने गुणा आणि तो आकडा स्टॉकला धरा. बिल मात्र जसं वजन आलं तसंच. आणि एक सांभाळा, मीटर घेताना तो रिगेन दाखवतो की एकूण वजनातला ओलावा ते विचारून घ्या. ८.५ टक्के रिगेन म्हणजे एकूण वजनात ७.८ टक्केच पाणी असतं, हे दोन आकडे एकमेकांच्या जागी टाकले की पुन्हा वर्षभर जुळणार नाही. आमच्याकडे हा घोळ सहा महिने चालला होता.

उन्हाळ्यात हाच ओलावा उडतो म्हणून माल कमी भरतो. ते हमालांचं वाचून जिवाला लागलं. मालकांना हे गणित कागदावर लिहून दाखवा.

कुडाळी_कीबोर्ड

गाववाल्यांनू, वरच्या दादांनी मूळ दुखणं सांगितलंच, मी सॉफ्टवेअरच्या बाजूने बोलतो, टॅली आणि ईआरपी (हिशोबाची आणि कारभाराची सॉफ्टवेअरं) बसवून देण्याचंच काम करतो मी.

पहिली गोष्ट, उणे स्टॉक लगेच बंद करा. तो चालू ठेवला की खरी चूक आणि ओलाव्याचा फरक यातला भेदच कळेनासा होतो. कोणी इश्यूच्या एंट्रीत एक शून्य जास्त मारलं तरी सॉफ्टवेअर गप्प बसणार.

दुसरं, गाठीची ओळख किलोने ठेवू नका, नगाने ठेवा. प्रत्येक गाठीवर प्रेस रनिंग नंबर (गाठ दाबताना दिलेला क्रमांक) असतो तोच सॉफ्टवेअरमध्ये घ्या, लॉट म्हणजे बॅच, आणि बॅचमध्ये गाठ क्रमांक. मग २३४ गेल्या, ६ उरल्या हे स्क्रीनवर पण दिसेल आणि गोडाऊनमध्ये पण. नग जुळला की चोरीचा प्रश्नच मिटला, गाठ काय कोणी डब्यात घालून नेत नाही. किलोत जो फरक राहील तो एकतर ओलावा नाहीतर काटा. टॅलीवर असाल तर ॲक्च्युअल आणि बिल्ड क्वांटिटीचे वेगळे कॉलम चालू करता येतात, बिल्डमध्ये बिलाचं वजन आणि ॲक्च्युअलमध्ये ८.५ वर आणलेलं वजन टाकायचं, स्टॉक ॲक्च्युअलवर चालतो. हे करण्याआधी तुमच्या ऑडिटरला बसवून समजावून सांगा, नंतर नको. ईआरपीनेक्स्टसारखं ओपन सोर्स वापरत असाल तर बॅचला ओलाव्याचं एक जादा फील्ड लावून घेणं सोपं आहे. तुमच्या खास स्पिनिंगवाल्यात ते असणारच, सेटिंगमध्ये बंद पडलेलं असेल, फोन करून विचारा. 'कंडिशन वेट' असं काहीतरी नाव असेल.

आणि बारकोड स्टिकर कोणते लावता? साधे थर्मल असतील तर आपल्याकडच्या दमट हवेत गोंद सुटतो आणि छपाई पुसट होते, मग पोरं हाताने नंबर टाइप करतात आणि तिथे चुका घुसतात. रिबनने छापलेले प्लास्टिकचे लेबल घ्या, थोडे महाग पडतात पण टिकतात. काटा पण केबलने कंप्युटरला जोडून घ्या, माणसाने आकडा वाचून टाकायचाच नाही.

गिरणगाव८२

माझं वय ६८, सध्या संगमेश्वराकडे गावी असतो. तरुणपणी लोअर परळला गिरणीत बदली म्हणून (कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी) लागलो, मग कायम झालो, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो आमच्यासाठी संपलाच नाही, गावी आलो तो इथलाच झालो. मला कंप्युटर फार येत नाही, नातू टाइप करून देतोय.

इचलकरंजीच्या भावाने सांगितलं ते अगदी बरोबर पण एक गोष्ट राहिली. ओलावा कुठला मोजणार? दाबलेली गाठ म्हणजे दगड असतो, ओल एकदम आत जात नाही, हळूहळू जाते. पाठीवर सर्दावलेली आणि पोटात कोरडी अशी गाठ असते पावसात. तुम्ही वरून मीटरची सुई टोचली तर ती भलताच आकडा सांगणार. आम्ही मिक्सिंगला गाठीच्या पट्ट्या तोडल्या की थर सोडवून पसरून ठेवायचो, रात्रभर, कधी पूर्ण दिवस, की सगळा कापूस एकसारखा हवेला येतो. त्यानंतर नमुना घ्या, आणि घेताना वरचा थोडा, पोटातला थोडा, तळाचा थोडा. जॉबर (खात्यातला मुकादम) आम्हाला शिकवायचा, मूठभर कापूस गालाला लाव, गार लागला तर ओला. आता मीटर आहेत, चांगलंच आहे.

दमट हवेला घाबरू नका हो. सूत काढायला दमट हवा लागतेच, कोरड्या हवेत धागा सारखा तुटतो आणि तंतू उडतात. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ ला ताडदेवला पहिली गिरणी काढली, त्यानंतर एवढ्या गिरण्या तिथे उभ्या राहिल्या त्यात समुद्राच्या हवेचा पण हात होता असं आमची जुनी माणसं सांगायची. हवा खात्यात हवी, गोडाऊनमध्ये नको. गाठी भिंतीपासून हातभर लांब, खाली लाकडाच्या फळ्या, आणि पाऊस झोडपतो त्या बाजूचं दार दुपारनंतर बंद. कोकणात नैऋत्येकडून मार असतो.

आणि त्या दोन हमालांची माफी कोणीतरी मागा. गेटवर झडती म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. माणूस घरी जाऊन जेवत नाही.

राजापूरची_पॅकिंगवाली

मी आधी एका गिरणीत पॅकिंगला होते, आता दुसरीकडे स्टॉकचं बघते. सगळे गाठींचंच बोलतायत म्हणून सुताकडचं सांगते, कारण तुमचा पुढचा फरक तिकडे निघणार आहे.

कागदी कोनाचं (ज्यावर सूत गुंडाळतात त्याचं) वजन! आम्ही वर्षभर रिकाम्या कोनाचं एकच वजन धरून चाललो होतो, पुरवठादाराने सांगितलेलं. मे महिन्यात सहज म्हणून पन्नास रिकामे कोन काट्यावर ठेवले आणि मग जुलैत तसेच पन्नास. कागद पण पाणी पितो ना, कोनामागे जवळजवळ दोन ग्रॅमचा फरक. ऐकायला काहीच नाही, पण गोणीत २४ कोन म्हणजे ४८ ग्रॅम, हजार गोण्यांना ४८ किलो, आणि ते सगळं सूत म्हणून स्टॉकला चढलेलं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी पन्नास रिकामे कोन तोलायचे आणि त्या आठवड्याचं टेअर (एकूण वजनातून वजा करायचं रिकाम्या कोनाचं वजन) तेच टाकायचं असा नियम मी करून घेतला. पाच मिनिटांचं काम आहे.

अजून एक, वेस्ट. ब्लोरूमची घाण, कार्डिंगची (कापूस पिंजायच्या मशीनची) पट्टी, झाडलोट, हे सगळं वेगवेगळ्या नावाने तोला, 'वेस्ट' या एकाच नावाखाली नको. आणि महिनाअखेरीला मशीनवर जे अडकलेलं असतं, कॅनमधला स्लायव्हर (कापसाची जाड वात) वगैरे, त्याचे कॅन मोजून प्रत्येक कॅनला ठरलेलं वजन लावा. अंदाजे टाकलं की तिथेच सगळा हिशोब सैल पडतो. पावसाळ्यात रिअलायझेशन (कापसातून किती सूत निघालं ते प्रमाण) छान दिसतं म्हणून आमचे सुपरवायझर खूश व्हायचे, ते पाणीच विकत होते. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं की तो पुढच्या बिलात कापणारच.

वाशिष्ठीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. तुम्ही लिहिल्यापासून चार दिवस हेच चाललंय.

काल त्या उरलेल्या ६ गाठींपैकी दोन सोडल्या. काकांनी सांगितलं तसं रात्रभर पसरून ठेवलं, सकाळी वरचा, पोटातला, तळाचा असा नमुना घेतला आणि जवळच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ओव्हनला १०५ डिग्रीवर लावला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. एका गाठीचा रिगेन ९.१ आणि दुसरीचा ८.७. म्हणजे इचलकरंजीच्या दादांनी नुसत्या गणितावरून सांगितलं त्याच्याच आसपास. आवकेच्या वेळी ओलावा मोजलाच नव्हता त्यामुळे ते ६ टक्के अंदाजच राहणार या लॉटपुरते, पण पुढच्या ट्रकपासून गेटवरच मोजणार.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला, ते फील्ड खरंच होतं, बंद होतं. त्याने चालू करून दिलं, उणे स्टॉक पण बंद केला. गाठ क्रमांक टाकायला सुरुवात केली आहे, पोरांना थोडं जड जातंय पण होईल.

मालकांना कागदावर गणित दाखवलं. आधी म्हणाले पुढच्या आठवड्यात बोलू, मग स्वतःच कॅल्क्युलेटर घेऊन बसले अर्धा तास. संध्याकाळी त्यांनी त्या दोघांना केबिनमध्ये बोलावलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण बाहेर आल्यावर त्यातल्या एकाने माझ्याकडे बघून मान हलवली आणि काही न बोलता गोडाऊनकडे गेला, फळ्या सरकवायला, भिंतीपासून हातभर.

एक शेवटचं विचारतो. आमचा सर्व्हर तळमजल्यावर आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदी शिरली तेव्हा आमच्या जुन्या वह्या सगळ्या लगदा झाल्या होत्या, त्याची भीती अजून आहे. क्लाउडवर टाकावं म्हटलं तर पावसात लाइट आणि नेट दोन्ही जातात. काय करावं?

कुडाळी_कीबोर्ड

सर्व्हर आजच्या आज पहिल्या मजल्यावर न्या, हे आधी. एंट्री लोकल सर्व्हरवरच ठेवा म्हणजे नेट गेलं तरी काट्याचं काम थांबत नाही, आणि रोज रात्री पाळी बदलताना बॅकअप आपोआप क्लाउडवर जाईल असं लावा, नेट नसेल तर आलं की जाईल. शिवाय आठवड्याला एक कॉपी पेनड्राइव्हवर, ती गिरणीत ठेवायची नाही, मालकांच्या घरी, घर उंचावर असेल तर. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप उघडून बघा, खरंच उघडतो का. लाइटसाठी काटा, कंप्युटर आणि प्रिंटर एवढ्यांनाच वेगळा यूपीएस द्या. मेसेज करा, लावताना कुठे अडलं तर मी फोनवर सांगतो, पैसे नकोत.