बॉम जीझसचा लाल रंग

कुणीतरी लिहिलंय की जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चचा लाल रंग हा बांधणाऱ्यांचा मूळ विचार, म्हणून बाकीच्या पांढऱ्या चर्चांमध्ये ते उठून दिसतं. उठून दिसतं हे खरंच, पण तो रंग बांधणाऱ्यांचा नव्हे. १५९४ साली काम सुरू होऊन १६०५ मध्ये चर्च पूर्ण झालं, तेव्हा भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो खरवडला गेला १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, आणि खालचा लाल जांभा दगड उघडा पडला.

आता जांभा कोकणात कुणाला सांगायला नको. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक. पण अंगभर भोकं, त्यामुळे पाणी पितो. चार महिने धो धो पाऊस आणि अंगावर गिलावा नाही, मग भिंतीचं काय होणार? जवळ जाऊन बघा, कोपरे झिजून गोलसर झालेत. म्हणूनच गिलावा परत चढवा, अशी मागणी होत असते. मला ती पटते, फोटो जरा फिके आले तरी चालतील!

दर्शनी भागातले नक्षीचे खांब मात्र काळ्या दगडाचे, तो वसईकडून आणलेला. जांभ्यात इतकं बारीक कोरकाम टिकलंच नसतं. वर मधोमध जेझुइटांची, म्हणजे हे चर्च बांधणाऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाची, 'आयएचएस' (येशूच्या नावाची खूण) ही अक्षरं शोधा.

आत संत फ्रान्सिस झेवियरचं शव असलेली चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली, तिच्याखालची संगमरवरी चौथऱ्याची रचना मात्र फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याची.