मदत हवी आहे: कोलोरॅडोत पहिल्या एल्कसाठी कोणती रायफल, कोणतं काडतूस?

नमस्कार मंडळी,

मी डेन्व्हरजवळ राहते. यंदाच्या सोडतीत मला मादी एल्कचा (एल्क म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागलाय. तिसरा रायफल सीझन, म्हणजे नोव्हेंबर. जागा फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूची, नऊ-दहा हजार फुटांवरची. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, भडक केशरी जाकीट आणि टोपी घरात आली आहे. गेली दोन वर्षं एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर नुसती सोबतीला जाऊन डोंगर तुडवले, मांसाची ओझी पाठीवर वाहून आणली. आता अडलंय ते रायफलीपाशी. जितक्या जणांना विचारावं तितकी उत्तरं मिळतात.

ज्यांच्याबरोबर जाते ते गृहस्थ तीस वर्षं .३०० विन्चेस्टर मॅग्नम वापरतात. त्यांचं म्हणणं, एल्क चिवट जनावर, त्याला मोठंच काडतूस हवं. मे महिन्यात त्यांनी मला रेंजवर नेऊन त्यांची रायफल दिली. पहिला बार बरा बसला. दुसरा वीतभर उजवीकडे. तिसरा कागदावर सापडलाच नाही. तेव्हा त्यांची बायको म्हणाली, पुढची गोळी मी भरते, तू बघू नकोस. मी नेम धरला, चाप ओढला, आणि नुसतं "टक्" झालं. तिने आत डमी काडतूस घातलं होतं. धक्का आलाच नाही, तरी नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं आणि माझे डोळे घट्ट मिटलेले होते. म्हणजे बार उडण्याआधीच मी दचकत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग तिने तिची स्वतःची ७ एमएम-०८ माझ्या हातात दिली. शंभर यार्डांवर दहा गोळ्या, सगळ्या तळहाताएवढ्या जागेत.

माझी उंची पाच फूट दोन इंच. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे खरेदीची अडचण नाही. दुकानदाराने पार्श्वभूमी तपासणी सुरू केल्यावर किमान तीन दिवस थांबावं लागतं एवढंच. दुर्बिणीसकट पंधराशे डॉलरपर्यंत जाता येईल. पुढे कधीतरी म्यूल डियर (इथलं हरीण) आणि प्रॉन्गहॉर्नही (काळविटासारखं जनावर) करायचं आहे, म्हणून एकच रायफल सगळ्याला चालली तर हवी आहे. यादीत सध्या ७ एमएम-०८, .३०८, ६.५ क्रीडमोर, .२७० आणि थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) ही काडतुसं आहेत.

मला खरी भीती एकाच गोष्टीची आहे. जनावर जखमी होऊन दरीत निघून जाईल आणि मला सापडणार नाही. आमच्या आजोबांकडे कोकणात शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. पुन्हा ठासायला वेळ लागायचा, म्हणून भातशेतातल्या माळ्यावर बसून ते रानडुक्कर वीस पावलांवर येईपर्यंत हलायचे नाहीत. लांब असलं तर येऊ द्यायचे आणि तसेच जाऊही द्यायचे. मला तशीच शिकार करायची आहे. पण इथे उघड्या माळावर आणि अस्पेनच्या झाडांच्या कडेला दोनशे-अडीचशे यार्डांच्या आत जायला मिळेलच असं नाही. तेव्हा लहान काडतूस घेऊन मी जनावरावर अन्याय तर करत नाही ना, हे कुणीतरी अनुभवाने सांगा.

(शिकार करावी की नाही यावर बोलायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा, तिथे मी मनापासून उत्तर देईन. आम्ही वर्षभर हेच मांस खातो, हे इथे सांगते.)

—

प्रतिसाद

ताई, मी वायोमिंगमध्ये बरीच वर्षं आहे, आणि दरवर्षी एल्कला जातो. तुमच्या मैत्रिणीने डमी काडतुसाची जी युक्ती केली, त्यातच तुमचं उत्तर आहे. ७ एमएम-०८ घ्या.

आता कारणं. कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे एल्कसाठी नळी किमान .२४ कॅलिबरची (म्हणजे .२४ इंच व्यासाची), गोळी पसरणारी आणि किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप), आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पौंड ऊर्जा लागते. तुमच्या यादीतलं प्रत्येक काडतूस यात सहज बसतं. ७ एमएम-०८ मधून १४० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २८०० फुटांनी निघते. तीनशे यार्डांवर तिच्यात पंधराशे फूट-पौंडांच्या आसपास जोर उरतो. एल्कला पंधराशे हवेत हा शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे, कायदा नव्हे. तरी त्यावरून कल्पना येते. .३०० मॅग्नममधून १८० ग्रेनची गोळी २९६० च्या पुढेमागे सुटते, जोर नक्कीच जास्त. पण त्याचा फायदा चारशे-पाचशे यार्डांवर आहे, आणि तिथे तुम्हाला जायचंच नाही. मादी एल्क सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. पुढच्या पायामागे दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेली तर ती ७ एमएमची होती की .३० ची, याने काही फरक पडत नाही. गोळी पोटात बसली तर मात्र मॅग्नमही वाचवत नाही.

काडतुसापेक्षा गोळीकडे जास्त लक्ष द्या. पुढे गोळ्यांची कंपनी काढणारे जॉन नॉस्लर यांनी १९४६ साली कॅनडात मूसवर (एल्कहूनही मोठं हरीण) झाडलेल्या गोळ्या आत शिरण्याआधीच फुटू लागल्या. त्यांच्याकडेही .३०० कॅलिबरचं मॅग्नमच होतं! त्यातून त्यांनी मध्ये पडदा असलेली पार्टिशन गोळी बनवली. पुढचा अर्धा भाग पसरतो, मागचा अर्धा शाबूत राहून खोल जातो. एल्कच्या खांद्याचं हाड जाड असतं, तिथे असलीच गोळी हवी. हरणासाठीची स्वस्त, मऊ गोळी घेऊ नका.

.३०८ ही चांगलीच. थर्टी-ऑट-सिक्स तर १९०६ पासून एल्क पाडतंय, पण हलक्या रायफलीत तुम्हाला पुन्हा दचकवेल. .२७० मध्ये काही खोट नाही, धक्का ७ एमएम-०८ पेक्षा थोडा जास्त. क्रीडमोरचा धक्का सगळ्यांत सौम्य, आणि जवळून चालतं. तरी एल्कसाठी मी थोडी जाड, जड गोळी पसंत करतो. हे माझं मत, भांडायला लोक येतीलच. ७ एमएम-०८ ची एकच अडचण म्हणजे डोंगराकडच्या छोट्या गावातल्या दुकानात .३०८ आणि ऑट-सिक्स हमखास मिळतात, हे कधी मिळतं कधी नाही. म्हणून आत्ताच एकाच लॉटचे सहा-सात डबे घेऊन ठेवा.

उंचीमुळे दुसरी गोष्ट: दस्त्याची लांबी. दस्ता लांब असला की मान ताणून नेम धरावा लागतो, जाडे कपडे चढवले की तो काखेत अडकतो, आणि धक्का खांद्याच्या खळग्याऐवजी दंडावर बसतो. टिक्काच्या टी३एक्स कॉम्पॅक्टचा दस्ता साडेबारा इंचांचा आहे, सॅव्हेज ११० च्या काही मॉडेलांत तो कमीजास्त करता येतो. दुकानात हिवाळी जाकीट घालूनच जा. लोक हसले तर हसू द्या. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवायचा तुकडा) मात्र टाळा. धक्का कमी होतो, पण आवाजाने शेजारच्याचे कान बसतात.

दुर्बीण साधी, ३ ते ९ पट मोठं दाखवणारी पुरे. दोनशे यार्डांवर झिरो करा, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच ठिकाणी येतील असं जुळवा. तीनशेवर गोळी आठ इंचांच्या आसपास खाली जाईल, आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला सहा-सात इंच ढकलेल. या दोन आकड्यांकडे बघूनच ठरवा की पहिल्या वर्षी अडीचशेच्या पुढे चाप ओढायचा नाही. सराव बाकावर बसून कमी करा. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने करा. शंभर पावलं पळून या आणि दम लागलेला असतानाच झाडा, कारण दहा हजार फुटांवर तसंच होणार आहे. मैत्रिणीला दर वेळी मधूनच डमी भरायला सांगा.

आणि एक. एल्कला बार बसला तरी ती कधीकधी काहीच झालं नाही अशी उभी राहते किंवा चालू लागते. चुकला असं समजू नका. लगेच दुसरी गोळी भरा, उभी आहे तोवर पुन्हा झाडा. ती दिसेनाशी झाली तर जिथे उभी होती तिथलं झाड किंवा दगड लक्षात ठेवा, अर्धा तास थांबा, मग तिथे जाऊन रक्त आणि केस शोधा.

—

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. काल जाकीट घालून दुकानात गेले. साध्या दस्त्यावर बोट चापापर्यंत जेमतेम पोचत होतं, कॉम्पॅक्ट खांद्याला लावली आणि डोळा आपोआप दुर्बिणीच्या मधोमध आला. ७ एमएम-०८ मध्येच सांगून ठेवली आहे.

एकच शंका उरली. मुलगी सहा वर्षांची आहे, तीही हे मांस खाणार. शिशाचे कण मांसात जातात असं वाचलं. तांब्याची गोळी चालेल का?

—

प्रतिसाद

चालेल, आणि लहान मूल खाणार असेल तर तीच घ्या. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत एक्स-रेत दिसतात. तांब्याची गोळी फुटत नाही, वजन टिकवते, म्हणून १२० ते १४० ग्रेनमध्ये भागतं. फक्त ती नीट पसरायला वेग लागतो, तेव्हा अडीचशे यार्डांची मर्यादा पाळाच. दोन-तीन कंपन्यांचा एकेक डबा आणून बघा, तुमच्या नळीला कोणती मानवते ते कागदच सांगेल. ती ठरली की मग सहा डबे घ्या, आधी नको. वर मी आधीच घेऊन ठेवा म्हणालो होतो, तेवढं दुरुस्त करतो.