मानसिक आजारावरील औषधे, कोरडे तोंड आणि किडणारे दात

प्रश्न (डिचोली):
माझ्या धाकट्या भावाला बरीच वर्षे स्किझोफ्रेनिया आहे. रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सीफेनिडिल या गोळ्यांनी भास आटोक्यात आहेत, पण तोंडाला सतत कोरड पडते म्हणून तो दिवसभर पेपरमिंट चघळतो आणि गोड चहा मागतो. दाढा किडल्या आहेत, हिरड्यांतून रक्त येते, आणि दात घासायचा विषय काढला की तो उठून खोलीत जातो. एका दवाखान्याने ‘शांत झाला की आणा’ म्हणून आम्हाला परत पाठवले. गोळ्या कमी केल्या तर दात वाचतील का?

उत्तर (दंतवैद्य, पणजी):
गोळ्या स्वतःहून मुळीच कमी करू नका. आजार उलटला तर दातांची निगा आणखी अवघड होईल. कोरडेपणात ट्रायहेक्सीफेनिडिलचा वाटा मोठा असू शकतो. रिस्पेरिडोनमुळे येणारा ताठरपणा आणि कंप कमी करण्यासाठी ते देतात. त्याची गरज अजून आहे का, हे मनोविकारतज्ज्ञांना अवश्य विचारा. लाळ तोंडातले आम्ल सौम्य करते आणि दातांची झीज भरून काढायला मदत करते, त्यामुळे ती आटली आणि वर पेपरमिंटची साखर दिवसभर तोंडात राहिली की हिरडीलगतची कीड झपाट्याने वाढते. साखर नसलेले च्युइंगम द्या, पाणी घोटघोट पाजा. रात्री फ्लोराइडच्या टूथपेस्टने घासून झाल्यावर फेस थुंकावा, चूळ मात्र भरू नये. गोवा दंत महाविद्यालय आणि आयपीएचबी (सरकारी मनोरुग्णालय) दोन्ही बांबोळीलाच आहेत, तेव्हा मनोविकार ओपीडीच्या दिवशीच दातही दाखवता येतील. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णाला कोणत्याही उपचारात इतर रुग्णांच्या बरोबरीने वागवणे बंधनकारक आहे. तुम्हाला परत पाठवले, हे मला फार खटकले.

उत्तर (काणकोण):
माझे वडील लिथियम हे मानसिक आजारावरील औषध घेतात. दाढ काढायला जाताना गोळ्यांची पाकिटेच सोबत नेली, आणि ती पाहून डॉक्टरांनी आयबुप्रोफेनऐवजी पॅरासिटामॉल लिहून दिली, कारण आयबुप्रोफेनने रक्तातील लिथियम वाढू शकते. घासण्याबाबत म्हणाल, तर ‘घास’ म्हटले की ते चिडतात. मी नुसती शेजारी बसून स्वतःचे दात घासू लागते, तेव्हा बहुतेक वेळा तेही ब्रश हाती घेतात. पेस्टचा तिखटपणा सोसत नव्हता, म्हणून सौम्य चवीची आणली.

प्रश्नकर्ती:
पुढे भावाला क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरील दुसरे औषध सुरू करण्याचा विचार आहे. तेव्हा काय पाहावे?

दंतवैद्य:
त्याने उलट लाळ गळू शकते, विशेषतः झोपेत. मात्र तोंडात व्रण, घसादुखी किंवा ताप आला तर ते दातांचे दुखणे समजून थांबू नका. या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात, तसे झाले आहे का हे पाहण्यासाठी त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.