कान भरणे, कागाळी की बोलविता धनी?

मायक्रोसॉफ्टवरच्या 1998 च्या मक्तेदारीविरोधी खटल्यावर लिहितेय आणि एका वाक्यावर अडकलेय. "प्रतिस्पर्ध्यांनी अमेरिकेच्या न्याय खात्याचे कान भरले" असं लिहिलं तर भाऊ म्हणाला, ताई हे तर मायक्रोसॉफ्टच्या वकिलाचं वाक्य झालं. नेटस्केपने 1996 मधे वकील गॅरी रीबॅककडून दोनशेवर पानांचं टिपण करून घेऊन खात्याला दिलं होतं, की विंडोजच्या जोरावर आमचा ब्राउझर कसा मारला जातोय. याला काय म्हणायचं?

कान भरते ती मंथरा. ऐकणाऱ्याने शहानिशा केलेली नसते, त्यातच त्या शब्दाचं विष आहे. इथे तर सरकारने मायक्रोसॉफ्टचेच ईमेल कोर्टात काढले. कागाळी म्हणा, ती खरी असू शकते, करणाऱ्याचा हेतू मात्र स्वच्छ असेलच असं नाही.

कागाळी पोरं करतात हो, बाईंकडे! सन मायक्रोसिस्टिम्स, ओरॅकल, नेटस्केप या प्रतिस्पर्धी मंडळींनी प्रोकॉम्प नावाची संघटना काढली, माजी न्यायाधीश रॉबर्ट बोर्कना आपल्या बाजूला घेतलं, म्हणजे जे मक्तेदारीविरोधी कायद्याच्या अतिवापरावर टीका करून नावारूपाला आले तेच! आणि सरकारचा पहिला साक्षीदार कोण, तर नेटस्केपचे प्रमुख बार्क्सडेल. सरळ 'बोलविता धनी' लिहा.

>>बोलविता धनी<<
मग सरकार बाहुलं ठरतं. 2001 मधे अपील कोर्टाने मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करायचा खालच्या कोर्टाचा हुकूम रद्द केला पण मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका ठेवलाच, तोही एकमताने. बाहुल्याची केस इतकी टिकत नसते.

थोडं अवांतर, मक्ता म्हणजे मुळात सरकारनेच लिलावात दिलेला हक्क ना, जसा ताडीचा मक्ता? मायक्रोसॉफ्टला कुणी दिला होता? पण आता मक्तेदारी शब्द इतका रुळलाय की एकाधिकार लिहिलं तर सरकारी परिपत्रक वाटतं.

आणि ओरॅकल विसरू नका. 2000 मधे बाहेर आलं की त्यांच्या गुप्तहेरांनी मायक्रोसॉफ्टच्या बाजूच्या एका संघटनेचा कचरा मिळवायला सफाईवाल्यांना पैसे देऊ केले होते, आणि ओरॅकलचे प्रमुख एलिसनसाहेब म्हणाले हे तर आमचं नागरी कर्तव्य. यासाठी शब्द शोधायलाच नको, उकिरडा उकरणे, अगदी शब्दशः :ड

मग असं ठेवते: नेटस्केपने कागाळी केली, ओरॅकलने उकिरडा उकरला. भावाला दाखवते.